मूल कोणाकडे होतं?

पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्यांशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो. विषय कसा निवडायचा, गाईड कसा मिळतो, सिनॉप्सिस किती पानांचा हवा हे सगळं बोलून झालं की आवाज थोडा खाली जातो आणि विचारलं जातं, "घरी लहान मूल असताना हे जमतं का? वेळ कसा काढायचा?" विचारणाऱ्या बहुतेक मुली असतात. मुलांनाही मुलं असतात, पण त्यांच्या डोक्यात हा प्रश्न सहसा येत नाही. ते का, हेही पुढे बोलूच.

या प्रश्नाची तयार उत्तरं भरपूर मिळतात. पहाटे चारला उठा, वेळापत्रक फ्रीजवर लावा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. ती चुकीची आहेत असं नाही. पण मी एम.एस्सी. केमिस्ट्री करून विज्ञानसंस्थांच्या सामाजिक इतिहासाकडे वळलेली आहे, त्यामुळे मला वेगळंच कुतूहल वाटतं. आपल्या आधी ज्यांनी मुलं सांभाळून मोठी कामं केली, त्यांनी वेळ 'काढला' म्हणजे नेमकं काय केलं? दिवस तर त्यांचाही चोवीस तासांचाच होता.

मी वाचायला लागले तेव्हा एक साधी सवय लावून घेतली. कोणाच्याही चरित्रात "संसार सांभाळून त्यांनी हे कार्य केले" असं वाक्य आलं की समासात पेन्सिलने लिहायचं, 'मूल कोणाकडे होतं?' हा प्रश्न फार उपयोगी आहे. तो विचारला की चरित्राचा अर्धा भाग जो कागदावर आलेलाच नाही, तो दिसायला लागतो.

उदाहरण म्हणून एकच घर घेऊ, कारण त्या घराच्या दोन पिढ्यांबद्दल आपल्याकडे बऱ्यापैकी लिखाण आहे. पुण्याचं कर्व्यांचं घर.

महर्षी धोंडो केशव कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी पुनर्विवाह केला. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. कॉलेजचं काम संपवून ते रोज पायी हिंगण्याला जात आणि परत येत. तेव्हा तो रस्ता म्हणजे चिखल आणि काटे. त्यात महिला विद्यालय, निष्काम कर्ममठ, १९१६ साली महिला विद्यापीठ, वर्गणीसाठी गावोगाव फिरणं. त्यांच्या कामाबद्दल मनात आदर आहेच. पण पेन्सिल घेऊन बसलं की विचारावंच लागतं, मुलं कोणाकडे होती?

याचं उत्तर आनंदीबाईंनीच देऊन ठेवलंय. घरात त्यांना बाया म्हणत. 'माझे पुराण' हे त्यांचं आत्मकथन कावेरी कर्वे यांच्या संपादनातून आलं. ते महर्षींच्या 'आत्मवृत्ता'शेजारी ठेवून वाचा. एकाच घराच्या दोन नोंदवह्या आहेत असं वाटतं. एकीत संस्था, ठराव, देणग्या. दुसरीत घरात काय शिजलं, पैसे कुठून आणायचे, मुलांचं काय करायचं. कर्व्यांनी आपली पाच हजारांची विम्याची रक्कमसुद्धा आश्रमाला देऊन टाकली होती. महर्षींच्या बाजूने तो त्याग होता. घरात लहान मुलं असलेल्या बाईला तीच गोष्ट कशी वाटली असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता. बाया स्वतः काही कमी कामाच्या नव्हत्या. पुढे विद्यापीठासाठी निधी गोळा करायला त्या पार आफ्रिकेपर्यंत जाऊन आल्या. पण मुलं लहान असतानाचा महर्षींचा वेळ आला कुठून, तर तो बायांच्या दिवसातून आला. पहाटे लवकर उठून तो तयार झालेला नाही.

आता याच घराची पुढची पिढी. बाया आणि महर्षींचे चिरंजीव दिनकर कर्वे रसायनशास्त्राचे प्राध्यापक, फर्ग्युसनचे पुढे प्राचार्य झाले. त्यांची बायको म्हणजे इरावती कर्वे. संशोधनाकडे येणाऱ्या मुलींना इरावतीबाईंची गोष्ट हमखास सांगितली जाते. बर्लिनची डॉक्टरेट, पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर, 'युगान्त'ला साहित्य अकादमी पुरस्कार. ऐकायला छान वाटतं आणि ऐकणारीला थोडं खजीलही वाटतं, की त्यांना जमलं आणि आपल्याला का जमत नाही.

इथे एक युक्ती सांगते, ती कोणत्याही संशोधकाच्या बाबतीत वापरता येते. त्या व्यक्तीच्या कामाच्या यादीशेजारी मुलांची वयं लिहा. इरावतीबाई १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या, १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. लग्न झालेलं होतं, मूल नव्हतं. सुनेने परदेशी शिकायला जाणं सासऱ्यांना, म्हणजे खुद्द महर्षी कर्व्यांना पसंत नव्हतं, हा इतिहासातला एक गमतीदार भाग. १९३१ पासून १९३६ पर्यंत त्या सासऱ्यांनी काढलेल्या महिला विद्यापीठात रजिस्ट्रार होत्या. थोरली मुलगी जाई १९३२ ची, मुलगा आनंद १९३६ चा. १९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात आल्या, तेव्हा एक मूल सात वर्षांचं आणि एक तीन वर्षांचं. धाकटी गौरी १९४२ ची, म्हणजे नोकरी लागून तीनच वर्षं झालेली. त्यानंतरची दहा वर्षं गावोगाव हिंडून नातेसंबंधांची माहिती गोळा करण्याची. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये आला, तेव्हा गौरी अकरा वर्षांची होती.

या तारखा शेजारी ठेवल्या की दोन गोष्टी कळतात. एक, मोठा ग्रंथ मुलं शाळकरी झाल्यावर आला. दुसरी जास्त महत्त्वाची. या सगळ्या काळात घरात दिनकरराव होते. ते स्वतः जर्मनीत शिकून आलेले शास्त्रज्ञ. बायकोने बाहेर पडून हिंडावं म्हणून घरातली बरीच व्यवस्था त्यांनी आपल्याकडे घेतली होती, हे त्या घराबद्दल लिहिणारे सांगतात. ज्या घरात वडिलांच्या कामासाठी आईचा दिवस खर्ची पडला, त्याच घरातल्या मुलाने बायकोच्या कामासाठी आपला वेळ मोकळा केला. मला विचाराल तर इरावतीबाईंच्या गोष्टीत स्कूटरपेक्षा हा भाग शंभरपट मोठा आहे, पण स्कूटरचा फोटो काढता येतो.

इरावतीबाईंनी स्वतः या विषयावर एक ललित लेख लिहिलाय, 'परिपूर्ती' नावाचा. सभेत त्यांची ओळख करून दिली जाते. अमुक यांची सून, तमुक यांची पत्नी वगैरे. त्यांना वाटतं की या ओळखीत काहीतरी कमी आहे. मग घरी परतताना रस्त्यावरची पोरं आपापसात त्यांना आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतात आणि ती ओळख पुरी होते. हा लेख वाचून काहींना राग येतो, की एवढ्या मोठ्या विदुषीने शेवटी आईपणावरच येऊन थांबावं? मला तसं वाटत नाही. पण परिपूर्तीच्या त्या क्षणाला किती माणसांचे हात लागले होते, ते लेखात येत नाही. ललित लेखात यायलाही नको. ते शोधणं संशोधकाचं काम.

आपल्या विज्ञानाकडचं उदाहरण हवं असेल तर कमला सोहोनी. बंगळूरच्या संस्थेत १९३३ मध्ये सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, त्या अडून बसल्या, पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. ही गोष्ट त्यांच्यावरच्या प्रत्येक लेखात असते. १९४७ मध्ये लग्न करून त्या मुंबईत आल्या, दोन मुलगे झाले आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये डाळींवर, नीरेवर काम चाललं. त्या वर्षांत मुलं कोणाकडे असायची, हे मात्र लेखांत सापडत नाही. दारात अडवणारा पुरुष आपल्याला नाट्यमय वाटतो. दुपारी दोन वाजता शाळेतून मुलाला आणणाऱ्या माणसाची कोणी नोंद करत नाही.

हे सगळं झालं शिकलेल्या, घरात माणसं असलेल्या कुटुंबांचं. जिथे घरात दुसरं मोठं माणूसच नाही, तिथे काय होत होतं? त्यासाठी पुण्याहून मुंबईच्या गिरण्यांकडे जावं लागतं. माझ्या अभ्यासात मला सगळ्यात जड गेलेला भाग हाच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो बाया कामाला होत्या. कोकणातून, घाटावरून आलेल्या. सासू-आई गावाकडे, इथे चाळीतली एक खोली. बाई दिवसभर गिरणीत, मग तान्हं मूल? मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२० च्या दशकात याची चौकशी केली. डॉ. बार्न्स नावाच्या महिला डॉक्टरांनी गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणांची पाहणी केली. आई परत येईपर्यंत बाळाने झोपून राहावं म्हणून त्याला अफूची बारीक गोळी देण्याची पद्धत त्या वस्तीत सर्रास होती, हे त्यात पुढे आलं. १९३१ चा कामगारविषयक रॉयल कमिशनचा अहवालही त्यावर बोलतो. अफू दिलेलं मूल रडत नाही, पण दूधही नीट पीत नाही. त्या आयांना हे कळत नसेल असं मला वाटत नाही. दुसरा मार्ग नव्हता. 'वेळ काढणे' या शब्दाचा सगळ्यात भयंकर अर्थ मला तिथे कळला.

यावर उपाय काय निघाला, तर कायदा. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्रसूती-भत्त्याचं विधेयक आणलं, ते पास झालं नाही. मग मुंबई प्रांताच्या कौन्सिलात तसं विधेयक आलं. जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा भार सरकारने उचलावा आणि मालकालाही त्यातून मोकळं सोडू नये, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. १९२९ मध्ये कायदा झाला. दिवसाला आठ आणे आणि मोजके आठवडे. आज हे फारच तुटपुंजं वाटतं, पण देशात पहिल्यांदाच एका आईच्या घरी राहण्याच्या वेळेची किंमत कोणीतरी कायद्याने मोजली.

पुढे खोलीही कायद्यात आली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं ४८ वं कलम म्हणत होतं की पन्नासपेक्षा जास्त बाया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं. १९७६ मध्ये हा आकडा तीसवर आणला. कलम चांगलं होतं. पण कलमाची पळवाट आकड्यातच असते. बाया आकड्याच्या खाली ठेवल्या, किंवा कारखान्याच्या छपराखालीच ठेवल्या नाहीत, की पाळणाघराचा प्रश्न मिटला. मुंबईच्या गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण पुढच्या दशकांत घसरत गेलं. त्याची कारणं बरीच आहेत, रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रं, पुरुषांच्या नोकऱ्या वाचवण्याचा दबाव. नुसत्या कायद्यावर खापर फोडू नये. तरी कायदा झाला म्हणजे वेळ मिळाला, असा सरळ हिशोब होत नाही हे नक्की.

आमच्या नाशिक जिल्ह्यात याचं उदाहरण सिन्नर आहे. सिन्नर विड्यांसाठी ओळखलं जायचं. १९६६ च्या विडी कामगार कायद्यातही पाळणाघराची तरतूद होती, पण ती कारखान्याच्या जागेसाठी. विडी वळणारी बाई घरीच बसते. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, शेजारी पोर. बाहेरून पाहिलं तर वाटतं, किती छान, घरी बसून काम, मुलाजवळ राहता येतं. कोरोनाच्या काळात घरून काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांबद्दल लोक हेच म्हणत होते. पण विड्यांची मोजणी हजाराच्या हिशोबात होते, आणि मुलाजवळ असणं म्हणजे मुलाला वेळ देणं नव्हे. वर ती तंबाखूची पूड पोराच्याही नाकात जाते.

याच प्रश्नाला तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी एकदम वेगळ्या बाजूने हात घातला, म्हणून त्यांच्यावर थोडं थांबते. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई तेव्हाच त्यांना येऊन मिळाल्या. १९५० च्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर, आजच्या पालघर जिल्ह्यात गेलं. आदिवासी पाड्यांवर मुलं शाळेत येत नव्हती. का येत नव्हती, हे त्यांनी जाऊन पाहिलं. आठ-नऊ वर्षांची पोरगी शाळेत येणार कशी, तिच्या कडेवर धाकटा भाऊ. आई-बाप मजुरीला. म्हणजे आईचा वेळ त्या पोरीच्या बालपणातून निघत होता. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडली आणि त्याला विकासवाडी नाव दिलं. धाकट्याला घेऊनच ये, त्याला तिथे ठेव, तू इकडे बस. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. अंगणातच बालवाडी भरवण्याची कल्पनाही याच कामातून रुजली. देशभराची अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली.

यात मला आवडतं ते असं की त्यांनी कोणालाही वेळेचं नियोजन शिकवलं नाही. 'पालकांनी मुलांच्या शिक्षणासाठी वेळ काढावा' असं भाषण करणं सोपं होतं. त्यांनी शाळेचं घड्याळ बदललं.

नाशिकमध्ये याच जातीचं एक मोठं काम झालं, पण त्याकडे आपण असं बघत नाही. १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ इथे सुरू झालं, गंगापूर धरणाच्या बाजूला. मुक्त विद्यापीठाची पदवी म्हटलं की काही लोक अजून नाक मुरडतात. पण बारावी न झालेल्या बाईला पूर्वतयारीच्या शिक्षणक्रमातून पदवीला बसता येतं, पुस्तकं स्वतः वाचून समजतील अशी लिहिलेली असतात, आणि रोज अकराच्या लेक्चरला हजर राहावं लागत नाही. पोर झोपल्यावर अभ्यास करणाऱ्या बाईला समोर ठेवून विद्यापीठाची रचना करायची, हा विचार १९८९ साली लहान नव्हता. संशोधनाच्या मुलाखतीत अशी पदवी घेऊन येणारी कोणी भेटली, तर तिने ती पदवी कोणत्या तासांत मिळवली असेल याचा विचार मनात यावा.

तरी सगळं झालंय असं नाही. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे गेलात तर बांधावरच्या झाडाला साडीची झोळी बांधलेली अजून दिसते. अंगणवाडी तीन वर्षांपुढच्या मुलाला काही तास सांभाळते, त्याहून लहान बाळासाठी आहार मिळतो, दिवसभराचा सांभाळ नाही. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची 'पाळणा' योजना केंद्राने २०२२ पासून आणली आहे. कोसबाडच्या टेकडीवर हेच सत्तर वर्षांपूर्वी जमवलं होतं.

आता तुमच्या-माझ्या कामाचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या पीएच.डी. नियमावलीत महिला संशोधकांना पूर्ण कालावधीत मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेची तरतूद आली, ती २०२२ च्या नियमावलीतही आहे. कमाल मुदतीतही महिलांना दोन वर्षांची सवलत आहे. हे नियम प्रवेश घेण्याआधी नीट वाचा. आपल्या विद्यापीठाने ते आपल्या अध्यादेशात कोणत्या शब्दांत घेतलेत, हेही पाहा. अर्ज कोणाकडे करायचा, फेलोशिपचं काय होतं, हे आधीच लेखी विचारून ठेवा. पोट पुढे आल्यावर विचारायला जाणं अवघड असतं, आणि ऑफिसमध्ये प्रत्येकाला हा नियम माहीत असेलच असं नाही.

या नियमात मला एक गोष्ट खटकते. तो फक्त महिलांसाठी आहे. संशोधन करणाऱ्या बापाला एक दिवसाचीही तरतूद त्यात नाही. केंद्र सरकारी नोकरीतल्या पुरुषाला निदान पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे, संशोधक विद्यार्थ्याला तेही नाही. मूल ही आईचीच जबाबदारी, हे नियमानेच गृहीत धरलं की सुरुवातीला म्हटलं तसं मुलांच्या डोक्यात तो प्रश्न येणारच कसा?

माझ्यापुरतं सांगायचं तर मुलगी अडीच वर्षांची आहे. सकाळी दहा ते दुपारी दोन ती माझ्या सासूबाईंजवळ असते, संध्याकाळी तिच्या बाबाकडे. माझे रोजचे चार तास म्हणजे आईंचे चार तास आहेत. त्यांचं सकाळचं भजनी मंडळ त्यांनी सध्या सोडलंय. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात "कुटुंबीयांच्या सहकार्याबद्दल आभार" अशी एक ओळ घालायची पद्धत आहे. मी तिथे तास लिहिणार आहे, रोजचे किती आणि एकूण किती वर्षं. गाईडना विचारलंय, त्यांची हरकत नाही.

तुमचा विषय इतिहासाचा नसला तरी हे करून बघा. आपल्या विषयातल्या एखाद्या मोठ्या नावाच्या कामाची यादी घ्या, शेजारी मुलांची जन्मसालं लिहा आणि मग आत्मचरित्रं, पत्रं, ऋणनिर्देश धुंडाळा. पुरुषांपासून सुरुवात केलीत तर जास्त चांगलं, कारण त्यांना हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. कुठून सुरू करावं कळत नसेल तर आधी 'माझे पुराण' मिळवा. नाशिकमध्ये असाल तर सार्वजनिक वाचनालयात विचारा. बायांची भाषा बोलकी आहे, दोन-तीन दुपारींत वाचून होईल.